दोन डब्यांमधला हिशेब

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरांत एक जात अशी असते, की तिला काहीच झालेलं नसतं. आयसी ठणठणीत, ट्रान्सफॉर्मर थंड, पॉवर सप्लाय जिथल्या तिथे. घरी असलेला सीडी प्लेयरही नव्यासारखा. दोघांना वेगवेगळं तपासलं तर दोघेही शहाणे, एका वायरीने जोडले की भांडण. गिऱ्हाईक मात्र अ‍ॅम्प्लिफायरच काखोटीला मारून आणतं, कारण फाटका आवाज तिथून येताना दिसतो. वायर घरीच राहते, प्लेयरही घरीच राहतो, आणि माझ्या टेबलावर सेट सुरेख वाजतो. मग मी म्हणतो, "हो बरो आसा. तुमचो प्लेयर हाडा." लोकांना वाटतं मी टाळतोय.

हे रेडीत जास्त होतं, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. आमचं गाव वेंगुर्ले तालुक्याच्या पार दक्षिणेला. तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची चार घरं नदीच्या आमच्याच काठाला, पण गोव्यात. बाकीचा गोवा नदीपलीकडे. इथे घरात जे सामान येतं ते तीन वाटांनी येतं. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येताना जुना सेट घेऊन येतो, कारण मुंबईच्या खोलीत नव्या टीव्हीला जागा करायची असते. बोटीवर किंवा आखातात गेलेला माणूस जपानी माल आणतो. आणि काही वस्तू गोव्यातून येतात, तिथल्या जुन्या घरांतून मोडीत निघालेल्या, त्यात जर्मन रेडिओही असतो. म्हणजे एकाच माडीवर १९६०च्या दशकातला ट्यूनर, १९७०च्या दशकातला अ‍ॅम्प्लिफायर, १९९०च्या दशकातला सीडी प्लेयर आणि गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथचा डबा असे चार पिढ्यांचे पाहुणे एकत्र. शहरातला माणूस एका कंपनीचा अख्खा संच घेतो, तिथे कंपनीने हिशेब आधीच जुळवलेला असतो. आमच्याकडे तो जुळवायचं काम दुरुस्तीवाल्याकडे येतं.

हिशेब कसला, तर व्होल्टांचा. प्रत्येक सोर्स, म्हणजे ट्यूनर, डेक, सीडी, फोन, काही एक व्होल्टेज बाहेर देतो. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीने वाजण्यासाठी काही एक व्होल्टेज आत लागतं. या दुसऱ्या आकड्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओमच्या स्पीकरवर पूर्ण वाजतो तेव्हा स्पीकरच्या टोकांवर २० व्होल्ट असतात. हे २० व्होल्ट काढायला त्याला आत १५० मिलिव्होल्ट पुरत असतील, तर तो सिग्नल १३३ पट वाढवतो. दुसऱ्या एखाद्याला २ व्होल्ट लागत असतील, तर तो फक्त दहा पट वाढवतो. दोघेही ५० वॅटचेच. पहिला ताकदवान आणि दुसरा मेंगळट असं काही नाही. दुकानात उभं राहून दोघांना एकच प्लेयर लावला तर मात्र पहिला बटण हलवताच गर्जना करतो, आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतं.

आता हे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत? कारण ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात ठरवले. जर्मनांचं डीआयएनचं मानक होतं, पाच पिनांचं गोल सॉकेट. टेपला द्यायचा सिग्नल त्यात समोरच्या दर किलोओमला साधारण एक मिलिव्होल्ट या हिशेबाने येई, म्हणजे समोर काय जोडलंय त्यावर आकडा बदलायचा. जपान्यांनी आरसीए पिन धरली. त्यांच्या १९७०च्या दशकातल्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या पाठीवर १५० मिलिव्होल्ट, ५० किलोओम असं छापलेलं कितीदा वाचायला मिळतं. त्या काळच्या कॅसेट डेकचं आणि ट्यूनरचं आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या आसपास, तेव्हा संसार बरा चालला होता. मग ऑक्टोबर १९८२मध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेयर जपानात विक्रीला आला, आणि सीडीबरोबर २ व्होल्टांची चाल पडली. डिजिटल सिग्नलला वरची एक पक्की रेघ असते, त्यापलीकडे आकडाच नाही. त्या रेघेला २ व्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्याची अपेक्षा दीडशे मिलिव्होल्टची, आणि दारात तेरा पट मोठा पाहुणा उभा.

यातली सगळ्यात बोलकी केस एका निवृत्त काकांची. आयुष्यभर मुंबईत नोकरी करून ते गावी परतले होते. भावाने आखातातून आणलेला जपानी अ‍ॅम्प्लिफायर, त्याला लावलेला सीडी प्लेयर, आणि नाट्यसंगीताच्या सीड्यांचा एक डबा. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो: "बटान जरासां फिरयलां काय घर हालता, कमी केलां काय डावो स्पीकर मुको जाता." काकींचं म्हणणं वेगळं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ते ऐकायला बसत, आणि हळू आवाजात गाणं लागणं शक्यच नव्हतं. एकतर बंद, नाहीतर शेजारी जागे. त्यांना कोणीतरी आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलावे लागतील म्हणून सांगितलं होतं आणि खर्चाचा आकडाही दिला होता.

मी घरी गेलो. अशा कामात घरीच जावं लागतं, सगळी मंडळी एकत्र जमलेली तिथेच भेटतात. आधी पिना साफ केल्या. खाऱ्या हवेत आरसीएच्या पिनांवर हिरवट थर चढतो, त्याने एक बाजू मंद होते किंवा अधूनमधून जाते, आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. वर गावातल्या खाणीकडचा तांबडा धुरळा सॉकेटात. हे निघाल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही. साफ झालं, तक्रार तशीच राहिली.

मग टोनची सीडी लावली. मी ४०० हर्ट्झचा टोन वापरतो, कारण साध्या मल्टिमीटरची एसी रेंज तेवढ्यापर्यंतच भरवशाची असते. हजार हर्ट्झच्या टोनवर स्वस्त मीटर काहीबाही दाखवतो. प्लेयरच्या पिनेवर २ व्होल्टांच्या किंचित वर. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर टॉर्च मारला, छापलेलं होतं १५० मिलिव्होल्ट. आता व्हॉल्यूमच्या बटणाचा विचार करा. घड्याळाच्या भाषेत ते सातपासून पाचपर्यंत फिरतं. बटणाच्या आतला बदलता रजिस्टन्स, ज्याला पॉट म्हणतात, तो लॉग जातीचा, म्हणजे सुरुवातीला आवाज हळूहळू वाढवणारा आणि पुढे भराभर. दोन व्होल्ट आत येत असताना हा अ‍ॅम्प्लिफायर आपले सगळे वॅट बटण अकरापर्यंत पोचायच्या आतच संपवत होता. अकरापासून पाचपर्यंतचा सगळा प्रदेश नुसत्या फाटक्या आवाजाचा. आणि काकींना हवा असलेला रात्रीचा आवाज सात आणि आठ यांच्यामधल्या दोरीएवढ्या जागेत कोंबलेला.

डावा स्पीकर मुका का होतो, तेही तिथेच आहे. स्टिरिओ पॉट म्हणजे एका दांड्यावर दोन पॉट, कार्बनचे दोन पट्टे. ते दोन पट्टे मधल्या भागात बऱ्यापैकी सारखे चालतात, पण अगदी सुरुवातीला, जिथे पट्टा सुरू होतो तिथे, एकाची सुरुवात थोडी आधी आणि दुसऱ्याची थोडी नंतर होते. चांगल्या कंपनीच्या पॉटमध्येही हा फरक असतो. बटण दहावर असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे सगळं ऐकणंच त्या कोपऱ्यात चाललं होतं.

औषध दोन रजिस्टन्सचं. एक १० के, एक १ के, दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म, पाव वॅट. १० के सिग्नलच्या वाटेत ओळीने, १ के त्याच्या पुढच्या टोकापासून अर्थला. दोन व्होल्टांतला अकरावा हिस्सा उरतो, १८२ मिलिव्होल्ट. डेसिबलमध्ये बोलायचं तर सुमारे २१चा उतार. अशी जोडी, तिला पॅड म्हणतात, प्रत्येक चॅनलला. ती मी आरसीएच्या धातूच्या पिनेतच बसवतो: आतल्या खांबाला १ केचं एक टोक, कवचाला दुसरं, १० के सरळ मागे वायरीकडे, वर श्रिंक स्लीव्ह. लाइटरने स्लीव्ह तापवली की ती आवळून बसते आणि कव्हर फिरवलं की बाहेरून कोणाला काही कळत नाही. पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाची घ्यायची, प्लेयरच्या नाही. वायरीत वाटेत जो काही घुमारा शिरतो तोही मग अकराव्या हिश्श्यावर येतो.

आकडे निवडताना थोडं डोकं चालवावं लागतं. १०० के आणि १० के घेतले तरी कागदावर गुणोत्तर तेच दिसतं. पण अ‍ॅम्प्लिफायरचे स्वतःचे ५० के त्या १० केला समांतर येतात आणि अकरावा हिस्सा तेरावा होतो. शिवाय असल्या उच्च इम्पीडन्सवर लांब वायर लावली तर वायरीची कपॅसिटी, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, वरच्या पट्टीतला थोडा उजेड खाऊन टाकते. उलट १ के आणि १०० ओम घेतले तर प्लेयरवर फार भार पडतो. त्याच्या आउटपुटला लहान कपॅसिटर असेल तर बेस पातळ होतो. १० के आणि १ के मध्ये हे दोन्ही त्रास टळतात. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या एका वर्कशॉपात शिकलो तेव्हा तिथले मिस्त्री हे कुठल्याही पुस्तकाशिवाय हातानेच करायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, दहाचा लाव, बहुतेक जमतं. बहुतेक जमायचंही.

काकांकडे जमलं. बटण दहावर, दोन्ही बाजू सारख्या, रात्रीच्या आवाजाला ऐसपैस जागा. काकी खूष. काका मात्र बटणाकडे बघत बसले. "पयली आठार घर हालायचां. आता बारार नेवंक लागता. ताकद काढलंस काय रे तेची?"

या प्रश्नाला तोंडी उत्तर नसतं, मी खूपदा दिलंय, कोणालाही पटत नाही. मी मीटर स्पीकरच्या टोकांना लावला. तोच टोन. जुन्या वायरीवर बटण आठच्या जवळ, मीटरवर ४ व्होल्ट. नव्या वायरीवर बटण बारावर, मीटरवर ४ व्होल्ट. "काकानू, ८ ओमच्या स्पीकराक ४ व्होल्ट म्हणजे २ वॅट. हय पण दोन, थंय पण दोन." ते गप्प झाले, पटलं म्हणून की माझ्या पिनांचा कंटाळा आला म्हणून, सांगता येत नाही. पण त्यांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ५० वॅटच्या सेटवर आपण दोन वॅट ऐकतो? हो. साध्या खोलीत बोलण्याच्या अंतरावर बसून ऐकायचं असेल तर एकदोन वॅटमध्ये काम भागतं, बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसाठी, अचानक येणाऱ्या उंचीसाठी राखीव. ज्या देशात १९९०च्या दशकात हातात धरता येईल अशा टू-इन-वनवर पीएमपीओच्या नावाने शेकडो वॅट छापले जात होते, त्या देशातल्या माणसाला हे ऐकून फसवल्यासारखं वाटणारच. छपाईत वॅट मोठ्या अक्षरात आणि सेन्सिटिव्हिटी कुठेच नाही, ही सवय तेव्हाची. जुन्या जपान्यांनी निदान पाठीवर तरी लिहिलं होतं.

काकांच्या सीड्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांच्या जुन्या नाट्यसंगीताच्या सीडीवर सरासरी आवाज वरच्या रेघेच्या पुष्कळ खाली, वीसेक डेसिबल, म्हणजे पाव व्होल्टही नाही. फक्त एखादी तान किंवा झांज वर उसळते. नातवाने आणलेल्या नव्या सिनेगीतांच्या सीडीवर सगळंच दाबून रेघेजवळ आणलेलं, सरासरीच पाऊण व्होल्टच्या पुढे. एकच प्लेयर, एकच वायर, पण तबकडी बदलली की सोर्सची पातळीच बदलली. नातू म्हणाला आजोबांच्या सीड्यांत दम नाही. बटण दोन खाचा वर नेऊन ऐक म्हटलं, तर त्याला हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू आला. कान जरा मोठ्या आवाजालाच चांगला आवाज समजतो. हे प्रत्येक शोरूमवाल्याला माहीत असतं, म्हणून जो खपवायचा तो सेट तो केसभर वर ठेवतो. मला कोणी दोन प्लेयरांत कुठला चांगला असं विचारलं की मी आधी दोघांची पातळी मीटरवर सारखी करतो. मग बहुतेक वेळा वाद उरत नाही.

दोन व्होल्ट आत गेले म्हणजे आवाज फाटलाच पाहिजे असं नाही, हे इथे सांगायला हवं, कारण माझ्याच धंद्यातले लोक यात घोळ घालतात. सगळा प्रश्न व्हॉल्यूमचा पॉट आधी आहे की पहिला ट्रान्झिस्टर आधी, याचा. काकांच्या सेटमध्ये सिग्नल आत शिरताच पॉटवर जात होता, म्हणून फक्त बटणाची जागा आक्रसली होती. हळू आवाजात सूर स्वच्छच होता. पॉटच्या आधी काही अ‍ॅक्टिव्ह मंडळी बसली असतील, तर बटण शून्याजवळ नेऊनही फाटका आवाज फक्त हळू होतो. आवाज कमी करूनही फाटतो, असं गिऱ्हाईक म्हणालं की अर्धं निदान तिथेच होतं.

आणि इथे गावठी असेंबल सेटची गोष्ट येते. शिरोड्याच्या बाजूच्या एका मुलाने स्वतः डबा जमवला होता. ४४४०चं किट, वर बेस-ट्रेबलची प्लेट, समोर निळे एलईडी, प्लायवूडच्या पेटीत आठ इंची स्पीकर. गाणं लावलं की आवाज फुटायचा. एलए४४४० ही सान्योची मुळात कारच्या स्टिरिओसाठी निघालेली आयसी. तिचा गेन सुमारे ५१ डेसिबल, म्हणजे साडेतीनशे पट. बारा व्होल्टवर ती जे पाचसहा वॅट देते त्यासाठी तिला आत पंधरा मिलिव्होल्टच्या आसपास पुरतात. भारतभर लाखो डब्यांत ही आयसी वाजते आणि तिच्या पुढ्यात रोज फोनमधला अर्धा-पाऊण व्होल्ट ओतला जातो. त्या मुलाला फोनवर समाधान नव्हतं, त्याने टीव्हीच्या ऑप्टिकलला लावायचा कन्व्हर्टरही जोडला होता, तो थेट २ व्होल्टांचा.

पण आवाज आयसीत फुटत नव्हता. त्याच्या डब्यात टोनची प्लेट पॉटच्या आधी होती. बेस पूर्ण चढवला की ती प्लेट खालच्या सुरांना १२ डेसिबल, म्हणजे चौपट करते. आणि आमच्याकडे बेस पूर्ण चढवलेलाच असतो, त्या बटणाला मधली जागा आहे हे कोणाला ठाऊकच नसतं. दोन व्होल्टांचे आठ व्होल्ट होतात, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साडेबावीस. प्लेटवरच्या टीएल०७२ आयसीला मिळत होते एकूण बारा व्होल्ट, त्यातून तिला दहाच्या आसपास झोका घेता येतो. उरलेलं डोकं कापलं जात होतं, आणि कापलेल्या डोक्याची लाट पुढे ४४४०कडे. ऑसिलोस्कोपवर दाखवली तेव्हा पोरगा म्हणाला, "हो तर चौकोन झालो!" अगदी बरोबर.

त्याला मी १० के आणि ३.३ के लावले, पाव हिस्सा. दोन व्होल्टांचा अर्धा व्होल्ट झाला, टोनच्या प्लेटने चौपट केला तरी दोनच, त्या झोक्यात सहज मावतो. ढोल ढोलासारखा वाजला, नुसता धबधबा राहिला नाही. पुढचा भाग ओघाने येईल.

उलट दिशेची केस क्वचित, पण ती आली की ऐकणाऱ्याला मच्छर गुणगुणल्यासारखा आवाज येतो. गोव्यातल्या कोणाच्या तरी घरातून आलेला टर्नटेबल, चांगला, चुंबकी काट्याचा. घरवाल्याने तो ऑक्समध्ये खुपसला होता. चुंबकी काटा देतो तीन ते पाच मिलिव्होल्ट. ऑक्सला हवेत दीडशे. आवाज पातळ, बेसचा पत्ता नाही, नुसती करकर. यात नुसती पातळी कमी असते असंही नाही. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात, दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबल, म्हणजे खाचा रुंद होत नाहीत आणि खरखर दबते. १९५४पासून त्याची आरआयएए नावाची ठरलेली वाकडी रेघ आहे. वाजवताना ती उलटी करून सरळ करावी लागते. त्यासाठी फोनो प्रीअ‍ॅम्प. जुन्या एचएमव्हीच्या पेटीवजा प्लेयरांना ही भानगड नव्हती, त्यांचे क्रिस्टल किंवा सिरॅमिक काटे स्वतःच शेकडो मिलिव्होल्ट देत, आणि लोकांच्या डोक्यात रेकॉर्ड प्लेयर म्हणजे तेच. म्हणून ते नवा चुंबकी काटाही तिथेच लावतात आणि काटा खराब निघाला म्हणतात. याच्या उलट, फोनोच्या सॉकेटात सीडी खुपसणारेही भेटतात. अडीच मिलिव्होल्टांच्या दारात दोन व्होल्ट, आठशे पट. त्या आवाजाचं वर्णन करत नाही.

त्या टर्नटेबलबरोबर केसरबाई केरकरांची एक रेकॉर्ड आली होती. घरवाला अभिमानाने म्हणाला, ही आमच्या पलीकडच्या केरीची. तेरेखोलच्या फेरीने नदी ओलांडली की जे केरी लागतं ते पेडण्यातलं; केसरबाईंचं केरी फोंड्यातलं. हे त्याला सांगावं लागलं आणि तो थोडा हिरमुसला. म्हणून पुढचं सांगितलं. १९७७मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. आणि तबकडीबरोबर त्यांनी काटा आणि कार्ट्रिजही पाठवलं, चालवायची रीत चित्रांत कोरून. मला त्यातलं कार्ट्रिज आवडतं. पाठवणाऱ्याला ठाऊक होतं की तिकडच्या माणसाकडे बाकी काही जुळणारं नसणार. पुढचा प्रीअ‍ॅम्प मात्र ज्याचा त्याने बनवायचा.

दशावताराची एक तक्रार मी आता घेणंच सोडलंय. माऊलीच्या जत्रेत फोनवर नाटक रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन मोठ्या सेटवर लावायचं, ही इथली आवड. मांडाजवळ बसून रेकॉर्ड केलेलं असतं. हार्मोनियमवर पद चाललंय तोवर ठीक. युद्ध सुरू होऊन मृदंग आणि झांज एकदम उठले की फोनचा माइकच भरून वाहतो. ते फाटणं फाइलमध्येच कोरलं गेलं. पुढे तुम्ही दहाचा रजिस्टन्स लावा नाहीतर शंभरचा, फाटकं फक्त हळू होईल. मी आता सांगतो, पुढच्या जत्रेला दहा हात मागे बसा आणि फोन कशात तरी गुंडाळा. जवळची जागा सोडायला कोणी तयार होत नाही.

तर तो शिरोड्याचा पोरगा. पाव हिश्श्याचा पॅड लावून दिल्यावर आठवड्याभरात परत आला. "दादानू, बेस खंय गेलो?" बेस होताच, आधीपेक्षा खोल होता. पण त्याला सवय लागली होती चौकोनाची. चौकोन झालेल्या लाटेत वरचे कितीतरी नवे सूर उगवतात, ते छोट्या स्पीकरमधून ठसठशीत ऐकू येतात आणि माणसाला वाटतं बेस दणकतोय. मी त्याला टोन लावून दाखवला, मीटर दाखवला, स्कोप दाखवला. त्याने सगळं नीट बघितलं, मान डोलावली, आणि मग विचारलं, "हेका एक स्विच लावंक जमात?"

लावला. डब्याच्या मागे डीपीडीटी स्लाइड स्विच, वर केला की पॅड मधे येतो, खाली केला की सिग्नल सरळ. बाजूला मार्करने लिहून दिलं: वर घरात, खाली हळदीला. मे महिन्यात लग्नांचे दिवस सुरू झाले की त्याचा तो डबा वाड्यावाड्यांतून फिरतो, आणि तो गावात कुठेही वाजत असला तरी स्विच कुठल्या बाजूला आहे ते मला अंगणातून कळतं. सकाळी पूजेची गाणी असतात तेव्हा वर. रात्री साडेनऊनंतर खाली. एकदोन वर्षांत स्पीकरचा कोन फाटला की तो माझ्याकडेच आणणार आहे, तेव्हा मी आठ इंचीच्या जागी दहा इंची घ्यायला सांगणार आहे.